अर्ध्या लाल मिरच्या

गोरेगाव, ता. सेनगाव
२८ नोव्हेंबर २०२४

करुणे, माझ्या लेकरा, तुझ्या सोजरा आजीचा जयभीम.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राहिले. कोणाकडून लिहून घेतलं न्हाई. तुझा बाप दारातून डोकावून म्हणला, "माय, कशाचा अर्ज करून राहिली?" म्हणलं, रवी, अर्ज न्हाई, नातीला पत्र हाय, तू मोटर बंद करून ये आधी. साक्षरतेच्या वर्गाला जात व्हते तवा हाच दात काढत व्हता. आता माझं पान भरलं तरी माझं बोलणं सरंना, हे बघून गप बसला हाय.

तुमच्या होस्टेलच्या बाईचा मला लई राग हाय. अकरावीच्या एवढ्या मोठ्या पोरींचे फोन कपाटात कोंडून ठेवते म्हणजे काय? रविवारी पाच मिनिटं बोलायचं, त्यातली चार तुझा बापच खातो. पण त्या बाईमुळंच मला लिहायला कारण मिळालं, म्हणून निम्मा राग सोडला. निम्मा हाय.

तू सायन्सच्या प्रॅक्टिकलला एक हिरवं पान, एक बटाटा आन एक लाल मिरची मागितली म्हणे. हिंगोलीच्या बाजारात मिळत न्हाई का? तरी आपल्या वावरातलं मागितलं, बरं वाटलं. हिंगोलीला जाणाऱ्या शंकरसिंगच्या जीपमधी गाठोडं ठेवलं हाय. पान म्हणून पालकाची आख्खी जुडी मुळासकट, ओल्या फडक्यात. बटाटे चार. मिरच्या मात्र तू म्हणलीस तशा न्हाईत. लाल झालेली मिरची जीपमधी दबून सडते. म्हणून मी अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या अशा वेचून दिल्या. आपण तोडणी झाली की ढीग घालून वरून पोतं झाकतो, दोनतीन दिवसांत सगळ्या एकसारख्या लाल व्हतात, मग उन्हात टाकतो. तसंच गाठोड्यात व्हईल. लाल झाल्या की घे.

पण मिरचीत बघायचं काय असतं ते कळव. मी जन्मभर मिरच्या तोडल्या, फोडल्या, कांडल्या. आत बी सोडून मला काही दिसलं न्हाई.

तुझी आजी
सोजराबाई

—

हिंगोली
५ डिसेंबर २०२४

प्रिय आजी, जयभीम.

तुझं पत्र होस्टेलमधल्या सगळ्या मुलींनी वाचलं. प्रतिक्षा म्हणाली, तुझी आजी आमच्या वॉर्डनबाईंना भेटायला पाहिजे. मी म्हटलं, नको गं, हाणामारी होईल.

मिरचीत काय बघायचं ते सांगते. झाडाचा कोणताही भाग घे, तो बारीक बारीक खोल्यांचा बनलेला असतो. त्या खोलीला पेशी म्हणायचं. पेशीत आणखी बारीक दाणे असतात, त्यांना लवकं म्हणतात. लवकं मुख्य तीन प्रकारची. पानातली हिरवी, ती हरितलवकं. ऊन घेऊन झाडाचं अन्न तयार करतात. दुसरी वर्णलवकं, लाल, पिवळी, केशरी. पिकलेल्या मिरचीत, टमाट्यात, झेंडूच्या पाकळीत असतात. पाखरांना, फुलपाखरांना रंग दाखवून बोलावतात. तिसरी अवर्णलवकं, त्यांना रंगच नसतो. बटाट्यात, मुळांमध्ये, जिथं ऊन पोचत नाही तिथं. ती साठवण करतात. कुठं पिठूळ सत्त्व, कुठं तेल, कुठं प्रथिनं. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की आतले दाणे निळेकाळे होतात, इतकं भारी दिसतं!

प्रॅक्टिकल ९ तारखेला आहे. नरसिंग सर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि जे दिसतं त्याचं चित्र काढायचं.

तुझ्या मिरच्या अजून अर्ध्याच लाल आहेत. थंडीमुळं असेल. पण मला त्या तशाच आवडल्या. एका मिरचीत हिरवं कुठं संपतं आणि लाल कुठं सुरू होतं, ते बघायचं आहे मला.

तुझी,
करुणा

—

गोरेगाव
८ डिसेंबर २०२४

करुणे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा तुझ्या आईला, आन एकदा शेजारच्या पार्वतीबाईला. पार्वतीबाई म्हणली, "सोजराबाई, नात काय लिहून राहिली, लवकं? लवकर म्हणायचं असंल." म्हणलं, तुमी चहा घ्या.

मला ते असं समजलं. एका घरात तीन जावा. एक चुलीपाशी, दिवसभर रांधते, ती हिरवी. एक नटूनथटून दारात उभी, येणाऱ्या-जाणाऱ्याला या बसा म्हणते, ती लाल. तिसरी आतल्या अंधाऱ्या खोलीत, कणगीपाशी, तिला कोणी बघत न्हाई, पण सालभराचं तीच सांभाळते. बराबर हाय का? मी ती तिसरी हाय असं मला वाटलं, आन मग वाटलं, छे, मी तर तिन्ही झाले. नवी व्हते तवा चुलीपाशी, आता कणगीपाशी. नटायचं तेवढं राहिलं.

म्हणूनच एक विचारते. त्या जावा जागा बदलतात का? कारण आपली लाल मिरची काही लाल जन्मत न्हाई. हिरवी असते, तीच लाल व्हते. मग आतली हिरवी कुठं गेली? मेली, का तिनंच लुगडं बदललं? आन बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो, कडू लागतो. तुझ्या आईनं खिडकीत ठेवले व्हते, सहा फेकले, मी तिला बोलले. मग त्या अंधारातल्या जावेला कोणी चुलीपाशी बसवलं?

सरांना विचार. माझं नाव सांगून विचार. मला लई आनंद झाला हाय. इतकी वर्षं हाताखालून गेलं ते, आन त्याला नाव हाय हे आता कळलं.

तुझी आजी

—

हिंगोली
२७ डिसेंबर २०२४

आजी,

मिरच्या, बटाटे काही पाठवू नको. मी सायन्स सोडणार आहे. बाबांना रविवारी सांगितलं, ते हो म्हणाले. सेनगावला आर्ट्सला नाव घालू म्हणाले. अर्ज सोबत पाठवला आहे, बाबांची सही पाहिजे, २० जानेवारीच्या आत. तू यात पडू नको.

करुणा

—

गोरेगाव
२९ डिसेंबर २०२४

करुणे,

पडू नको म्हणतीस? मी पडले.

तुझ्या बापाकडून काढून घेतलं की तुला प्रॅक्टिकलमधी शून्य मिळालं. शून्य! अगं, हिंगोलीला तुला काय गोट्या खेळायला ठेवलं का? मला तर वाटतं, त्या पोरींच्या नादानं खिदळत बसली असशील, पत्रं वाचून दाखवत. आन शून्य पडलं की निघाली घरी. एवढं सोपं हाय का? मी वर्गात पहिल्या दिवशी ‘स’ काढला तर बाईनं विचारलं, हा बैल काढला का? समद्या बाया हसल्या. मी उठून गेले का? दुसऱ्या दिवशी आणखी मोठा काढला.

तुझा बाप तर गायीवानी हो म्हणला. लेक म्हणली सायन्स, हो. लेक म्हणली सोडते, हो. त्याला म्हणलं, रवी, तुझ्या तोंडात दुसरा शब्द हाय का न्हाई? म्हणला, "माय, तिचा जीव जात असंल तर काहून ओढायचं?" जीव जातो म्हणे! बारा ओळींचं पत्र लिहायला नको तिला, पाच ओळींत सायन्स सोडलं, आन जीव जातो!

मला तुझ्या शून्याचा राग न्हाई. न सांगता पाठ फिरवलीस त्याचा हाय. काय झालं ते लिही. खोटं लिहिलंस तर पुढच्या जीपनं येते.

सोजराबाई

(आजी लिहिलं न्हाई, रागात हाय म्हणून.)

—

हिंगोली
४ जानेवारी २०२५

आजी,

तुला राग येतो, मला येत नाही का? मी खिदळत बसले नव्हते. ऐक मग.

तुझी अर्धी लाल मिरची मी कापली. रंग बदलतो बरोबर तिथला पातळ काप काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आजी, एकाच पेशीत हिरवे दाणे पण होते आणि केशरी पण. काही तर धड हिरवे नाहीत, धड केशरी नाहीत, असे. तू विचारलं होतंस ना, मेली का लुगडं बदललं? लुगडं बदलत होती, मी बदलताना बघितली. प्रयोगशाळेतल्या शालूबाई काचा पुसत होत्या, त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आजवर कोणी दाखवलं नाही."

मी दिसलं तसं चित्र काढलं. रंगीत खडूनं, दोन्ही रंगांचं. नरसिंग सर आले. चित्र बघून म्हणाले, हे काय? पुस्तकात पानाचं चित्र वेगळं आहे, मिरचीचं वेगळं. तू दोन्ही एकात कालवलीस. सूक्ष्मदर्शकात न बघता काढलंस. मी म्हटलं, सर, काच लावलेली आहे, बघा. ते म्हणाले, मला वेळ नाही. मी म्हटलं, सर, माझी आजी म्हणते, हिरवीचीच लाल होते, ढिगात झाकून ठेवली की...

मला एवढंही पूर्ण बोलू दिलं नाही. म्हणाले, "मिरच्या तोडणाऱ्या बायका आता आम्हाला जीवशास्त्र शिकवणार का? आण मग आजीला, मी बसतो बाकावर." सगळा वर्ग हसला. बेचाळीस जण. मग लाल पेननं चित्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. डोळा एकदा पण लावला नाही, आजी. एकदा पण नाही.

आणि आमच्याच पुस्तकात, पुढच्या पानावर, बारीक अक्षरात लिहिलंय, एका प्रकारच्या लवकाचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर होऊ शकतं. मला ते होस्टेलवर आल्यावर सापडलं. मग तर जास्तच रडू आलं.

त्या दिवसापासून मुली मला ‘मिरची’ म्हणतात. प्रतिक्षा नाही म्हणत, बाकीच्या म्हणतात. मी तीन आठवडे प्रॅक्टिकलला गेले नाही. तुला सांगितलं नाही, कारण त्यांनी तुला नाव ठेवलं. ते मी तुला कसं लिहू?

आता कळलं? आता ओरड.

करुणा

—

गोरेगाव
६ जानेवारी २०२५

माझ्या करुणे,

ओरडले न्हाई. तुझं पत्र वाचून अंगणात गेले आन मिरच्यांचं पोतं झटकत बसले. ते झटकायचं नव्हतं, कालच झटकलं व्हतं. तुझी आई म्हणली, "आत्याबाई, पोतं फाटंल." म्हणलं, फाटू दे.

पहिला राग माझ्यावर. तू लाल मागितलीस, मी माझ्या शहाणपणानं अर्धी पाठवली. लाल पाठवली असती तर पुस्तकासारखं चित्र निघालं असतं, सरांनी बराबरची खूण केली असती. आन तुला तिखट जिभेनं मी खिदळणारी म्हणले. ते मी परत घेते. कागदावर लिहून घेते, म्हणजे पक्कं झालं.

दुसरा राग त्या माणसावर. चूक झाली, माणसाची व्हते. पण न बघता? आमी मिरची घेतली की आधी हातात मोडतो, वास घेतो, मग बोलतो. तोडणीला पहिल्यांदा आलेली पोरगी बी ढिगात हात घातल्याशिवाय बोलत न्हाई. आन ह्याच्यापुढं सरकारनं एवढं यंत्र ठेवलं, डोळा लावायला किती लागतं? पापणी लवंपर्यंत. तेवढा वेळ न्हाई, फुली मारायला वेळ हाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत!

तिसरा राग तुझ्या बापावर. काल जेवल्यावर त्यानं तो अर्ज काढला, पेन झटकलं. म्हणलं, थांब, आधी मी वाचते. तो हसला. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. खाली छापलंय, मी स्वखुशीने शाखा बदलत आहे. मी विचारलं, रवी, हे काय लिहिलंय? म्हणला, "माय, असं छापीलच असतं." म्हणलं, असतं म्हणजे? कोणाची खुशी? तुझी खुशी हाय का? पोरीची हाय का? ती तीन आठवडे रडून राहिली आन तू खाली सही करून खुशी म्हणणार? मला, तुझ्या मायला, वाचता येत नव्हतं तवा आमच्या नावानं लई जणांनी लई काही लिहिलं. आता मला येतं.

त्यानं पेन खिशात घातलं. पण अर्ज फाडला न्हाई, कपाटावर ठेवला हाय. म्हणला, पोरगीच सोडते म्हणते तर मी काय करू. एवढं त्याचं बराबर हाय. सोडायचं का न्हाई ते तुझ्या तोंडून येऊ दे.

मी मात्र येऊन राहिले. परवाच्या जीपनं. तो बाकावर बसतो म्हणला ना, बसवते.

तुझी आजी

—

हिंगोली
७ जानेवारी २०२५

आजी, येऊ नको.

शंकरसिंगभाऊंना थांबवून हे पत्र त्यांच्याच हातात देत आहे. तू आलीस आणि भांडलीस तर सर म्हणतील, बघा, स्वतःला काही येत नाही, आजीला आणलं. मुली जन्मभर मला तेच म्हणतील. भांडायचं असलं तर मीच भांडले पाहिजे.

तू फक्त मिरच्या पाठव. अर्ध्या लाल. चांगल्या दहाबारा पाठव. बटाटे पण पाठव, त्यातले दोन हिरवे पडलेले.

करुणा

—

गोरेगाव
८ जानेवारी २०२५

करुणे,

न्हाई येत. तुला कळणार न्हाई मला किती जड जाऊन राहिलं. धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलं व्हतं, ते परत पेटीत घातलं.

मिरच्या बारा न्हाई, पंचवीस पाठवल्या. एकेक मीच वेचली. तळाशी हिरवी, मधे तपकिरी, टोकाला लाल. पोतं झाकू नको, गरम जागी ठेवू नको, न्हाईतर लाल व्हऊन बसतील आन तुझं काम बिघडंल. बटाटे पाचच निघाले, दोन हिरवे. तुझ्या आईनं परत खिडकीत विसरले व्हते, तेच कामाला आले. पहिल्यांदा मी तिला शाबास म्हणले.

बोलताना खाली बघू नको.

आजी

—

हिंगोली
१५ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

काल प्रॅक्टिकल होतं. मी गेले. दारातच कोणीतरी "आली मिरची" म्हणालं. मी म्हटलं, हो, आली.

सर यायच्या आधी मी आणि प्रतिक्षानं चार सूक्ष्मदर्शकांना काचा लावून ठेवल्या. शालूबाईंनी आम्हाला लवकर कुलूप काढून दिलं. एकात पालक, एकात पिकलेली लाल, एकात बटाटा, आणि एकात तुझी अर्धी. सर आले. मी उभी राहिले. बाक घट्ट धरला. म्हटलं, सर, नऊ डिसेंबरला तुम्ही माझ्या चित्रावर न बघता फुली मारली. काच लावली आहे, आता बघा.

ते म्हणाले, बस खाली, आज वेगळा प्रयोग आहे. मी बसले नाही. ते म्हणाले, बरं, तुझे गुण हवेत ना? तास संपल्यावर ऑफिसात ये, देऊन टाकतो. आजी, मला एकदा वाटलं, हो म्हणावं. खरंच वाटलं. मग म्हटलं, सर, तुम्ही वर्गात बोललात, ऑफिसात नाही.

मग शालूबाई हात पुसत पुढं आल्या आणि त्यांनी डोळा लावला. म्हणाल्या, "सर, मी गेल्या वेळी पण बघितलं होतं." मग प्रतिक्षानं लावला. मग मागून एकेक मुलगी उठायला लागली. रांगच लागली. मला मिरची म्हणणाऱ्यांतली एक तर तिथून हलेचना, मागचीनं तिला ढकललं. सगळ्यांच्या शेवटी सर आले. चष्मा काढला, डोळा लावला. बारीक चाक फिरवलं, परत फिरवलं. बराच वेळ बघत होते. इतका वेळ लागत नाही, आजी.

मग वर न बघता पुटपुटले, "दोन्ही आहेत. रूपांतर होत आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, मागं ऐकू आलं नाही."

त्यांना परत सांगावं लागलं. मोठ्यानं. कान लाल झाले होते त्यांचे. माझ्या वहीतल्या फुलीशेजारी त्यांनी सही केली, गुण लिहिले, आणि दुसरा प्रयोग सांगायला लागले.

बाबांना सांग, सही करू नका.

तुझी,
करुणा

—

गोरेगाव
१७ जानेवारी २०२५

करुणे,

पत्र वाचून मी अशी ओरडले की पार्वतीबाई पळत आली, तिला वाटलं साप निघाला. तुझ्या बापाला वाचून दाखवलं, ‘मागं ऐकू आलं नाही’ इथं तो आडवा व्हऊन हसला, आन मग उठून कपाटावरचा अर्ज काढून माझ्याच हातात दिला. म्हणला, "घे माय, तूच वाच ह्याला." मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे पत्र लिहून राहिले. उलटून बघ.

पण माझा राग गेला न्हाई. तू म्हणशील, आजी, आता कशाचा? सांगते. तुझ्या चित्राचं त्यानं परत घेतलं. मिरच्या तोडणाऱ्या बायकांचं घेतलं का? पत्र चारदा बघितलं, कुठंच न्हाई. ते तो विसरला. तू बी विसरलीस, गुणांच्या आनंदात. तुझं बराबर हाय, ते तुला बोललाच नव्हता. ते मला बोलला व्हता. मला आन पार्वतीबाईला आन समद्या बायांना, ज्यांनी हिवाळाभर वाकून कंबर मोडली.

तुझं भांडण तू केलंस, मी मधे आले न्हाई. आता हे माझं हाय, तू मधे येऊ नको. सोमवारी आठच्या जीपनं येते. शंकरसिंगला पुढची जागा धरायला सांगितली हाय. पार्वतीबाई बी येते म्हणती.

भिऊ नको, ओरडणार न्हाई. दारात उभी राहीन आन म्हणीन, नमस्कार सर, मी करुणाची आजी, तुमी बोलावलं व्हतं. मला त्या यंत्रातून मिरची बघायची हाय. काच तुमीच लावा, मला डोळ्याला कमी दिसतं, चाक तुमीच फिरवा. आन तुमी उठून बाकावर बसल्याशिवाय मला बसायला जागा न्हाई.

तुझी आजी
सोजराबाई